नामाभावजी घोडे तयार करताहेत

जव्हारला आमच्या घरी फोन करून कोणी विचारलं, "निघालात का?", तर आमचं ठरलेलं उत्तर असायचं, "नामाभावजी घोडे तयार करताहेत." ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हणजे आता निघतीलच. आम्हाला माहीत असायचं की अजून एक चहा होईल, चहानंतर जेवण होईल, जेवणानंतर कोणीतरी डुलकी काढील, आणि तरी मागच्या अंगणातून खराऱ्याचा खर्र खर्र आवाज येतच राहील. मी या घरात आले तेव्हा माझे केस काळे होते. त्यातले निम्मे वयाने पांढरे झाले, हे मला मान्य आहे. उरलेल्या निम्म्यांचा हिशेब भावजींनी द्यावा.

नामाभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आता ते इथे नसतात. 'नसतात' म्हटलं की लोक लगेच चेहरा पाडतात, म्हणून सांगून टाकते, ते ठणठणीत आहेत. जिथे आहेत तिथे या घटकेलाही त्यांनी कोणाला तरी ताटकळत ठेवलेलं असणार, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

अंगाने काटकुळे, पायांत किंचित फेंगडे, अंगात बारा महिने खाकी शर्ट, आणि शर्टाच्या खिशाला घोड्यांचे खूर साफ करायची लोखंडी आकडी अडकवलेली. लग्न केलं नाही. म्हणजे अगदीच केलं नाही असं नाही, सासूबाई सांगायच्या की दोनदा मुलगी बघायला निघाले होते. निघाले होते, एवढंच. तरुणपणी काही वर्षं ठाण्याला एका कारखान्यात वॉचमन होते. तिथून परत येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या, एक स्टीलचा डबा आणि दुसरी हिंदी. डबा सासूबाईंनी लोणच्याला घेतला. हिंदी मात्र कोणाच्या कामाची नव्हती, ती भावजींनी घोड्यांसाठी ठेवली.

घोडे त्यांच्याकडे आले ते असे. सनसेट पॉइंटवर पर्यटकांना फेरी मारून आणणारा एक घोडेवाला धंदा बंद करून आपल्या गावी चालला होता. त्याची दोन जनावरं भावजींनी घेतली आणि विचारपूस न करता आमच्या मागच्या अंगणात आणून बांधली. सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले, तर माझ्या दोरीपाशी एक लांबोडका तोंडवळा माझ्या ओल्या परकराचा वास घेत उभा. मी किंचाळले. भावजी म्हणाले, "हळू वहिनी, सरपंच बिचकतील."

तो सरपंच. तपकिरी रंगाचा, पोट सुटलेला. सगळ्यांना मागे उभं करून आपण मधोमध थांबायची त्याला सवय, म्हणून हे नाव. दुसरी गोदी, पांढुरकी घोडी, डोळ्यांत कायम 'मला कोणी विचारलंच नाही' असा भाव. भावजी सरपंचाला अहो-जाहो करायचे. सख्ख्या मोठ्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, 'तू दादा' आणि घोड्याला 'अहो सरपंच, पाय उचलता का?' रागावायचं झालं तर मात्र हिंदीत. "क्या समझता है अपने आपको? हां?" मी एकदा विचारलं, "भावजी, शिव्या हिंदीत का?"

"मराठीत दिल्या तर लागतात त्यांना."

"आणि हिंदीतल्या नाही लागत?"

"हिंदी कुठं येते त्यांना?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अख्खा वर्ग नुसत्या भुवईने गप्प करते. पण या एका माणसापुढे माझी भुवई नुसती वर जायची आणि तशीच तिथे राहायची.

त्यांची तयारी म्हणजे काय, ते एकदा नीट सांगते. म्हणजे माझ्या चिडण्याला थोडा तरी न्याय मिळेल. आधी खरारा, म्हणजे दातेरी ब्रशाने अंग घासणं. तो मानेपासून शेपटीपर्यंत, आणि मग काही पटलं नाही म्हणून पुन्हा मानेपासून. मग खूर. मग चंदी, म्हणजे भिजवलेले हरभरे, तोंडाला बांधायच्या पिशवीत, तोबऱ्यात घालून. तेही आधी गोदीला, कारण सरपंचाला आधी दिली तर गोदी खात नाही, नुसती बघते. मग पाठीवर घोंगडी, घोंगडीवर खोगीर. आणि मग तंग.

तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा. पट्टा आवळायला घेतला की घोडं हवा भरून पोट फुगवतं. तशातच आवळला, तर चालताना पोट उतरतं, पट्टा सैल होतो आणि स्वार खोगिरासकट घोड्याच्या पोटाखाली जातो. म्हणून लोक काय करतात, थोडं चालवतात आणि पुन्हा आवळतात. भावजींना ते मंजूर नव्हतं. घोड्याने आपणहून, राजीखुशीने श्वास सोडला पाहिजे. त्यासाठी ते गोदीच्या कानाशी तोंड नेऊन तिच्याशी बोलत बसायचे. काय बोलायचे देव जाणे. मी एकदा कान देऊन ऐकलं, तर मोखाड्याच्या बाजारात कांदा काय भावाने होता ते सांगत होते.

"झालं का भावजी?"

"अजून तिच्या मनात नाय, वहिनी."

हे त्यांचं पालुपद. घोडीच्या मनात नाय. सरपंचांच्या मनात नाय. आमच्या मनात काय आहे, हे कधी कोणी विचारलं नाही.

खोडाळ्याच्या एका लग्नात नवरदेवाला घोडीवरून मिरवायचं ठरलं. आमच्या ह्यांच्या ओळखीचं घर. गोदीला आदल्या दिवशीच टेम्पोतून खोडाळ्याला पोचवलं होतं, म्हणजे उशीर व्हायला काही जागाच नको. पण भावजींनी जागा शोधून काढली. सकाळी त्यांनी गोदीला आंघोळ घातली. ती वाळेना, म्हणून उन्हात उभी केली. उन्हात तिच्या अंगावर माश्या बसायला लागल्या, म्हणून सावलीत नेली. सावलीत ती पुन्हा ओलसर वाटायला लागली. इकडे वाजंत्री वाजून वाजून थकली, नवरदेवाचे मुंडावळ्यांतले डोळे रस्त्याकडे लागले. शेवटी पोरांनी त्याला एका बोलेरोच्या बॉनेटवर बसवलं आणि नेलं. अक्षता पडल्या. पहिली पंगत बसली. मी वाढायला उभी होते, हातात मठ्ठ्याचं भांडं. मंडपाच्या तोंडाशी बघते तर भावजी गोदीला घेऊन येताहेत. घोडी अशी चकचकीत, की तिच्यात तोंड पाहून कुंकू लावावं. आयाळीला गोंडे, कपाळावर आरसा.

नवरदेवाचा मामा हातातली पोळी तशीच धरून म्हणाला, "आता आणलीस व्हय रे? आता काय मुलीला सासरी घोडीवरून धाडायची?"

भावजी शांतपणे म्हणाले, "ते जाऊं द्या. घोडी कशी दिसते ते तरी बघा."

आणि सगळी पंगत बघत राहिली, हे खरं. मीसुद्धा बघितलं. मठ्ठा कोणाच्या तरी जिलेबीवर पडला.

पण पंगतीने कौतुक केलं म्हणून घर चालत नाही. आमच्या ह्यांनी नोकरी संपल्यावर जामसरच्या पुढच्या माळावर तंबूंचा कॅम्प काढला. मुंबई-ठाण्याकडचे लोक येतात, तंबूत झोपतात, चुलीवरचं जेवतात आणि दरीकडे तोंड करून फोटो काढतात. ह्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. जव्हारपासून माळापर्यंत पाहुण्यांनी घोड्यांबरोबर चालत जायचं. सामान घोड्यांवर, आणि ज्यांना हौस आहे त्यांनी आळीपाळीने बसायचं. कल्पना चांगली होती. मी तेव्हाही तसंच म्हटलं होतं, आणि आजही म्हणते. फक्त तिच्यात एक जागा कच्ची होती, आणि ती खाकी शर्ट घालून मागच्या अंगणात उभी होती.

ह्यांनी भावजींना ओट्यावर बसवून स्पष्ट सांगितलं. मी दाराशी तांदूळ निवडत होते.

"नाम्या, ऐक. सनसेट पॉइंटला आता घोड्यावर कोणी बसत नाही. तुझे गुडघे गेलेत. त्र्यंबककडचे ते कॅम्पवाले दोन्ही घोडे मागताहेत, त्यांच्याकडे आणखी घोडे आहेत, तबेला आहे, माणसं आहेत. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. नाताळच्या सुट्टीत पहिला ग्रुप येतोय. हा एक कॅम्प घोड्यांनी नीट पार पाडला तर ते इथेच राहतील, तू आहेस तोवर राहतील. नाही पाडला तर मी फोन करणार. मग माझ्याशी भांडायचं नाही."

भावजी म्हणाले, "नाताळला वेळ हाय ना अजून?"

"आहे."

"मंग तयारी करतो."

सूप खाली ठेवून मी देवापुढे दिवा लावायला उठले.

आणि ती तयारी सुरू झाली. देवदिवाळी झाली होती, भात झोडून झालं होतं, गवताचे भारे घराघरांवर चढले होते. भावजी म्हणाले, घोड्यांना ओझ्याची सवय पाहिजे, रस्त्याची सवय पाहिजे, नुसतं त्या दिवशी लादून चालणार नाय. रोज संध्याकाळी तालीम. पहिल्या दिवसांत तंबूंऐवजी गोधड्यांत दगड गुंडाळून लादले. माझ्या गोधड्या. मग म्हणाले, दगड हलत नाहीत, तंबू हलतात, म्हणून भाताचा पेंढा. मग म्हणाले, पाहुण्यांत बाईमाणूस आहे, बाईमाणसाची तालीम राहिली.

"म्हणजे काय करायचं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुम्ही बसा, वहिनी."

"मी?"

"बाईमाणसाचं बसणं वेगळं असतं. भ्यालं की एका बाजूला कलतं. गोदीला ते कळाय पाहिजे."

मी माळ्यावरचे डबे काढायच्या स्टुलावर चढून गोदीवर बसले. बसले म्हणजे ह्यांनी ढकललं, भावजींनी ओढलं आणि गोदीने सोसलं. जव्हारच्या बाजारातून आमची वरात निघाली. मी इतकी वर्षं शाळेत सांगत आले की ताठ बसावं, मान सरळ ठेवावी. त्या दिवशी माझी मान गोदीच्या मानेत आणि दोन्ही हात तिच्या आयाळीत. भाजीवाल्या मावशी टोपलीमागून ओरडल्या, "बाई, वरात कुनाची?" माझ्या एका विद्यार्थ्याची आई दुकानाच्या पायरीवरून म्हणाली, "बाई, बस चुकली का?" आणि भावजी पुढे लगाम धरून, अभिमानाने मागे वळून वळून म्हणताहेत, "असंच, असंच! तुम्ही घाबरत राहा. आमच्या कामाचं हाय ते."

तालमीचा रस्ता ठरलेला. गावाबाहेर पडून जामसरच्या बाजूला जायचं, चढण सुरू होते तिथे रस्त्याकडेला एक मोठं मोहाचं झाड आहे, तिथपर्यंत. मोहाखाली थांबायचं. ओझं सगळं उतरवायचं, तंग सैल करायचा, गुळाचा खडा द्यायचा, पाठ थोपटायची, आणि तोंड घराकडे करायचं. अंधाराच्या आत घरी येऊन चंदी. रोज. एक दिवसही चुकला नाही. ताप आला तरी भावजी गेले. इतका वक्तशीरपणा मी त्यांच्यात आयुष्यात पहिल्यांदा पाहिला आणि, खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आशा उगवली.

मी एकदा म्हटलं, "भावजी, एकदा पार माळापर्यंतच का नेऊन आणत नाही त्यांना?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "वहिनी, वार्षिक परीक्षेचा पेपर तुम्ही पोरांना आदल्या दिवशी दाखवता का?"

मी माझ्या वह्या तपासायला घेतल्या. व्यवसायाचा प्रश्न होता.

पाहुणे आले. डोंबिवलीच्या एक दातारबाई, त्यांचे यजमान आणि त्यांच्या नात्यातली मंडळी. सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. सकाळी आले ते हात चोळतच, थंडी होती. ह्यांनी सांगितलं, पोहे खाऊन लगेच निघू. पोहे झाले. दातारबाईंनी विचारलं, "घोडे कुठे आहेत?"

मी म्हटलं, "भावजी तयार करताहेत."

पुन्हा चहा झाला. मंडळी मागच्या अंगणात जाऊन बघून आली. भावजी गोदीच्या शेपटीतली कुसळं एकेक वेचून काढत होते. यजमान दातार कौतुकाने म्हणाले, "किती प्रेमाने करतात नाही!" पोह्यांनंतर प्रेम दिसतं. आणखी एका चहानंतर दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी नुसतं घड्याळ बघितलं. ऊन तापायला लागलं. मी आपलं पिठलं टाकलं, नागलीच्या भाकरी टाकल्या, कारण उपाशी माणसापेक्षा जेवलेलं माणूस जरा बेताने चिडतं. आमचे हे ओटा ते अंगण, अंगण ते ओटा अशा खेपा घालत होते.

"नाम्या, काय राहिलंय आता?"

"गोदी श्वास धरून हाय."

"तिला सोडायला सांग!"

"सांगतोच हाय ना. तू ओरडलास की ती पुन्हा धरते."

मी अंगणात गेले. हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, "भावजी, आजचा दिवस कसला आहे ते तुम्हाला ठाऊक आहे ना? घोडे राहायचे की जायचे, ते आज ठरणार."

ते गोदीच्या मानेवर गाल टेकून उभे होते. डोळे मिटलेले. म्हणाले, "म्हणून तं करतोय, वहिनी. आज काय चुकाय नको."

राहायचं आहे म्हणून तयारी, आणि तयारीपायीच राहणं चाललंय हातातून. कोणाला आणि कसं समजवायचं?

जेवण होऊन सावल्या लांबायला लागल्यावर आम्ही निघालो. सरपंचावर तंबू आणि भांडी, गोदीवर दातारबाई. आणि खरं सांगते, निघालो तेव्हा छान वाटलं. घोडे तुकतुकीत, चाल एकसारखी, एकही पट्टा सैल नाही, एकही दोर ढिला नाही. गावातले लोक थांबून बघत होते. दातारबाई ताठ बसल्या होत्या, माझ्यासारख्या नव्हे. हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "उशीर झाला, पण पोचू." बरं वाटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भाऊ होता ना शेवटी. घोडे पाठवायची हौस ह्यांना तरी कुठे होती?

मोह आला. सरपंच थांबला.

कोणी लगाम ओढला नव्हता. तो आपणहून रस्ता सोडून कडेला गेला, झाडाखालच्या आपल्या जागेवर उभा राहिला आणि उजवी बाजू पुढे केली. ओझं आधी उजवीकडून सोडायचं असायचं. त्याच्या मागोमाग गोदी, दातारबाईंसकट.

"विश्रांती का इथे?" दातारबाईंनी विचारलं.

भावजींचा चेहरा असा उजळला होता, की मला आधी काही कळलंच नाही. "बघा वहिनी! बघ दादा! सांगाय लागलं नाय! आपण होऊन जागेवर गेले!"

हे म्हणाले, "चांगलं आहे. आता पुढे घे."

भावजींनी लगाम धरला आणि सरपंचाला वर रस्त्यावर घ्यायला गेले. सरपंच हलेना. "चला सरपंच." नाही. "चलो, क्या नाटक है?" हिंदीचाही उपयोग नाही. गूळ दाखवला. सरपंचाने गूळ खाल्ला, पाठीवरच्या तंबूंकडे मान वळवून बघितलं आणि भावजींकडे बघितलं. अजून उतरवत का नाही, असा स्पष्ट प्रश्न होता. गोदीचा धीर आधी सुटला. तिने जागच्या जागी वळून तोंड घराकडे केलं. दातारबाईंची टोपी फिरली. त्या मला म्हणाल्या, "अहो, डोंगर माझ्या पाठीमागे गेला!"

मग जे काही झालं ते कॅम्प काढणाऱ्या माणसाने पाहू नये. हे मागून सरपंचाला ढकलताहेत, भावजी पुढून ओढताहेत, यजमान दातार "हुर्र, हुर्र" असे काहीतरी आवाज काढताहेत. भावजींनी आपला खाकी शर्ट काढून गोदीच्या डोळ्यांवर बांधला, तिला दोनदा गोल फिरवली, म्हणजे दिशा कळणार नाही, आणि पट्टी सोडली. तिने नाक वर केलं आणि बरोबर जव्हारकडे तोंड केलं. डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बाया चालल्या होत्या. त्या थांबल्याच. एकीने भारा खाली टाकला, निवांत बघायला. म्हणाली, "अवं दादा, जनावर घरी जायचं म्हणतंय, जाऊं द्या ना त्याला! कशाला जुलूम?"

शेवटी हे म्हणाले, "सगळं उतरव. रिकामे पुढे ने, मग परत लाद." दातारबाईंना उतरवलं, तंबू उतरवले, भांडी उतरवली. आणि ओझं अंगावरून गेल्याबरोबर, तालीम रीतसर संपल्याबरोबर, दोघांनीही पाठ फिरवली. आधी चालत, मग दुडक्या चालीने घरच्या रस्त्याला लागले. चंदीची वेळ झाली होती. मागून भावजी, उघडे, एका हातात शर्ट, "सरपंच! अहो सरपंच!" करत.

रस्त्याने जामसरकडे जाणारी एक जीप मिळाली. आधीच भरलेली होती, पण लोक सरकले, तंबू टपावर चढले, दातारबाईंना पुढे बसवलं. भांडी माझ्या मांडीवर. अंधार पडता पडता माळावर पोचलो. दातारबाई खूप हसल्या, पाहुणे हसले, म्हणाले आम्हाला असली मजा कधी आलीच नव्हती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. आमचे हे हसले नाहीत. त्यांनी तंबूची खुंटी ठोकताना एवढ्या जोराने हातोडा मारला, की खुंटी मातीत गडप झाली आणि दोरी बांधायला काही उरलंच नाही.

पाहुणे गेल्यावर घरी दोघे भाऊ समोरासमोर बसले. भावजींनी घोड्यांना आधीच खरारा करून ठेवला होता. तेवढ्यानेच माझा संताप पुन्हा वर आला.

हे म्हणाले, "मी बोललो होतो तसं करतोय."

"जनावरानं काय चूक केली, दादा? शिकवलं ते केलं."

"मग चूक कोणाची?"

"माझी."

"झालं तर."

"चुकलं माझं आणि जायचं त्यांनी?"

हे उठले आणि फोन घेऊन बाहेर गेले. मी भावजींना म्हटलं, "भांडा ना थोडं! विनवा तरी! 'पुढच्या वेळी माळापर्यंत शिकवीन' एवढं म्हणा. ते ऐकतील तुमचं." खरंच ऐकलं असतं. माणूस बाहेर फोन हातात घेऊन नुसता उभा होता, अजून लावलाही नव्हता, मला खिडकीतून दिसत होतं.

भावजी म्हणाले, "भांडायचं नाय असं ठरलं होतं."

आयुष्यभर ठरलेली एक गोष्ट या माणसाने वेळेवर केली नाही. आणि ही केली!

टेम्पो आला त्या दिवशी मी शाळेत उशिरा जाते म्हणून कळवलं. त्र्यंबककडून एकटा ड्रायव्हरच आला होता, फळ्या लावून घोडे चढवायचे आणि न्यायचे, एवढंच त्याला सांगितलेलं. भावजींनी दोघांना नेहमीसारखंच तयार केलं. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. मी त्याला चहा नेऊन दिला आणि म्हटलं, "बसा, वेळ आहे." आमचे हे ओट्यावर पेपर धरून बसले होते, पान उलटत नव्हते.

फळीपाशी आणल्यावर सरपंच थबकला. फळी वाजत होती, हलत होती. गोदी तर पार मागे सरली. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, मागून फटका द्या एक." भावजींनी त्याच्याकडे बघितलं. चपला काढल्या, फळीच्या बाजूला नीट जोडून ठेवल्या, आणि स्वतः अनवाणी टेम्पोत चढले. आत उभे राहून हळूच काहीतरी बोलले. सरपंच चढला. मग गोदी चढली, फळीवर पाय जपून टाकत, परक्या घरी पाहुणी जाते तशी. ड्रायव्हरने फळ्या आत सरकवल्या आणि मागचं फळकट लावायला हात घातला.

"मामा, उतरा."

भावजी दोघांच्या मधे उभे होते. एक हात सरपंचाच्या खांद्यावर, एक गोदीच्या.

"लाव तू," ते म्हणाले.

हे ओट्यावरून उठले. "नाम्या, उतर. काय चाललंय?"

"तिथं माणसं असतील, दादा. पण यांना ठाऊक नाय ना ती."

"अरे पण तुझे कपडे, तुझं जेवणखाण? तुला कोणी बोलावलंय तिथे?"

"तूच सांग त्यांना फोन करून. तुझं ऐकतात ते." आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल रे. ऊन होतंय त्यांना."

ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. त्या क्षणी ह्यांनी 'थांब' म्हटलं असतं तर तो थांबला असता, घोडे उतरले असते, आणि आज मी अंगणातल्या लिदीवरून कुरकुर करत बसले असते. ह्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली. आम्ही दोघंही, काय सांगू, भावजींना निघायला नेहमी इतका वेळ लागतो, की ते इतक्या पटकन निघू शकतात हे आमच्या ध्यानीमनीच नव्हतं.

टेम्पो हलला. तो गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर ह्यांना चपला दिसल्या. त्या उचलून हे धावले. साठी उलटलेला माणूस, एका हातात पेपर, एका हातात चपला, "नाम्या! अरे नाम्या!" करत बाजाराच्या वळणापर्यंत. टेम्पो तिथे जरा मंदावला होता. मीही फाटकाबाहेर आले, आणि आयुष्यात वर्गाबाहेर कधी ओरडले नसेन तेवढ्या जोरात हाक मारली, "भावजी!"

गोदीने मान वळवून मागे बघितलं. भावजींनी नाही.